डाखबाई आणि परदेशी पाहुणे

डाखबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या धुरात. तंत्रशिक्षण केंद्रात भांडारपाल म्हणून रुजू होऊन मला एक सकाळही झाली नव्हती. दार धाडकन उघडलं. शेजारच्या खोलीत ज्वालामुखी फुटल्यासारखा धूर आत आला, त्यामागून चष्मा, मग सोल्डरिंगची तापलेली गन आणि सगळ्यात शेवटी माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या बाई. मी निमूटपणे कपाटाच्या किल्ल्या, घड्याळ आणि लग्नाची अंगठी काढून टेबलावर ठेवली. त्यांना फक्त डाख द्यायची तार हवी होती.

सर्किट बोर्डावर सुटे भाग डाख देऊन कसे बसवायचे, हे त्या शिकवायच्या. माझ्या भांडारात माल यायचा तो वर्षातून एकदा, आणि तोही कसाबसा. म्हणून त्यांचा नियम होता: बोर्ड जोडला, बाईंनी पाहून मान हलवली, की लगेच सगळं उतरवून, पुसून डबीत ठेवायचं. पुढच्या तुकडीला तोच माल. त्यातल्या एकेका भागाने जितके संसार मांडले आणि मोडले, तितके सिनेमावाल्यांनीही मोडले नसतील.

मग बातमी आली. एक परदेशी कंपनी कारखान्यासाठी जागा शोधत होती आणि आधी इथल्या मुलांचं काम पाहणार होती. प्राचार्यांनी भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, मला टाय बांधायला लावला. बाईंची एकुलती एक मुलगी त्याच वर्गात होती. इथे नोकरी मिळाली नाही तर मी दूर कुठेतरी जाणार, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. खुशाल जा, असं बाई तिला ठसक्यात म्हणाल्या आणि दिवसभर माझ्या दारात येऊन विचारत राहिल्या, "भाऊ, पसंत पडेल ना हो त्यांना?"

पाहुणे आले. मुलांनी बोर्ड जोडायला घेतले. प्राचार्य म्हणाले, तोवर चहा घेऊ, मग निवांत तपासू. चहा घेऊन परततो, तर बाकांवर कोरे बोर्ड, डब्यांत नीट लावलेले भाग आणि हात बांधून उभी मुलं. बाईंनी सवयीने मान हलवली होती.

प्राचार्यांचा चेहरा भिंतीच्या नव्या पांढऱ्या रंगात मिसळून गेला. बाई मुलीकडे वळल्या.

"अगं, तू तरी मला थांबवायचंस."

"आई, तुझी मान हलली की आमचे हात चालायला लागतात गं."

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या इंजिनियरने एक बोर्ड उचलून भिंगाखाली धरला. भाग उतरवताना खालचं तांबं करपतं, उचकटतं, हे मलाही ठाऊक होतं. त्याने दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग दुभाष्याने विचारलं, "हे नवे आहेत का?"

"माझ्याआधीच्या सगळ्या तुकड्या यांवरच शिकल्या," मुलगी म्हणाली.

पुन्हा करून दाखव, इंजिनियर दुभाष्याकरवी म्हणाला. तिने एक भाग बसवला. डाखेचा थेंब वितळला, आरशासारखा चमकला. मग तिने तो परत उचलून घेतला आणि खाली तांबं असं उरलं, जणू त्याला कधी कुणी शिवलंच नव्हतं. इंजिनियरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला कशावरही टवाळी सुचते. तेव्हा सुचली नाही. माझ्या भांडारातल्या त्या मूठभर, झिजलेल्या मालातून एवढं काही घडत होतं आणि मी रोज त्याला कुलूप लावत होतो.

कंपनी आली. सगळा वर्ग तिथे लागला. बाईंची मुलगीही लागली; दूर न जाता आईजवळ घरीच राहिली. तिला रात्रपाळी असते. ती परत येते तेव्हा बाई कामावर निघालेल्या असतात. दोघींची भेट जिन्यात होते.