भोंगाताईंचं मौन आणि गवती चहा

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे भोंगाताई म्हणत, आणि ताईंना ते नाव मनापासून आवडे. घरीसुद्धा त्या नवऱ्याला "जेवण तयार आहे, तरी इच्छुकांनी त्वरित यावे" अशीच हाक मारत. एका सकाळी त्यांचा आवाज पार बसला. घशाच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि महिनाभर मौन पाळायला सांगितलं. नवऱ्याने चेहरा गंभीर ठेवला, पण त्याच्या कानांना सुट्टी लागली होती.

बोलल्याशिवाय अन्न पचत नाही अशा बाईचं मौन म्हणजे कठीणच. ताईंची धाकटी नणंद रोपवाटिकेत कामाला होती. तिने गवती चहाची कुंडी आणून खिडकीत ठेवली. "वहिनी, बोलायचं नाही ना? मग याच्याशी न बोलता बोला."

ताईंनी डोक्यापाशी बोट फिरवून तिला वेड्यात काढलं. पण नणंद ऐकेना. हात धुवायचे, समोर बसून डोळे मिटायचे, श्वास सावकाश घ्यायचा, मनातल्या मनात परवानगी मागायची आणि मगच एक पात तोडायची. पात गरम पाण्यात टाकून, पेला दोन्ही हातांत धरून आभार मानायचे.

ताईंनी पहिल्याच दिवशी मूठभर पाती ओरबाडल्या. बोट कापलं.

"त्याला विचारलं होतं का?" नणंदेने विचारलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग त्यानं बरोबर केलं."

दुसऱ्या दिवशी ताई मुकाट्याने बसल्या. आधी डोक्यात नुसत्या गाड्या धावत होत्या. हळूहळू त्या पांगल्या. खिडकीतून वारा आला, रोप सळसळलं आणि एक लांब पात ताईंच्या नाकावरून फिरली. पोटातून हसू वर आलं. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा. बायको रडतेय असं वाटून नवरा पाणी घेऊन धावला. शेजारी टेकतो तोच पात त्याच्या कानात शिरली. दोघं हसून हसून जमिनीवर आडवे.

मग रोजचाच परिपाठ झाला. रोप आपल्याला ओळखतं, याबद्दल ताईंना शंकाच उरली नाही. त्या घरभर तरंगत फिरू लागल्या.

महिन्याने आवाज परतला, जरा खालच्या पट्टीत, मऊ होऊन. डॉक्टर म्हणाले, औषधाने. नणंद म्हणाली, रोपाने.

"तुम्ही ठरवा," ताई म्हणाल्या, "मला कामावर जायचंय."

कुंडी घेऊनच त्या माइकच्या खोलीत गेल्या. डोळे मिटून लांब श्वास घेतला. माइक चालू होता. अख्ख्या स्थानकाने तो श्वास ऐकला. "गाडी सुटायला अवकाश आहे," ताई म्हणाल्या, "तोवर तुम्हीही एक श्वास घ्या." एवढ्यात पंख्याने पात हलली, मानेला गुदगुल्या झाल्या आणि ताई माइकवरच खिदळल्या. खाली हमाल हसला, मग रांग हसली, मग चालकाने हसत हसत हॉर्नच दाबून धरला.

स्थानकप्रमुख जिना चढून आले. "ताई, हे काय चाललंय?"

"साहेब, आधी हात धुऊन या."

काय वाटलं कोण जाणे, साहेब हात धुऊन आले आणि कुंडीसमोर बसले. उठले तेव्हा रागावायचं विसरले होते.

आता नणंदेने त्या खोलीत कुंड्यांची रांगच लावली आहे. चालक-वाहक कामावर निघताना वर येऊन डोळे मिटून बसतात आणि हसतच गाडीत चढतात. प्रवाशांना वाटतं, यांचा पगार वाढला.