टेकूंखालची ओली रेघ

स्लॅब टाकला, त्याच दिवशी बाबा गेले.

त्याला महिना होत आला होता आणि मी पुन्हा परभणीच्या बसस्थानकावर उभी होते. आईने फोनवर एक फोटो पाठवला होता. गावात बांधत असलेल्या विहाराच्या स्लॅबवर पाणी भरून ठेवलेलं, आणि खाली सेंट्रिंगच्या फळ्यांमधून एका रेषेत गळणारे थेंब. पौर्णिमेला विहार खुला व्हायचा होता. त्याआधी टेकू निघणार होते, आणि सगळी वस्ती त्या छताखाली बसणार होती.

मी पुण्यात काँक्रीटची गणितं करते. काँक्रीट एकजिनसी दिसतं, पण नसतं. संगणकावर आधी मुठीएवढा तुकडा रचायचा: खडी, वाळू, सिमेंट, आणि खडीभोवतीचा केसाहून बारीक थर, जिथून तडा सुरू होतो. त्या तुकड्याचा स्वभाव काढायचा आणि मग तो सबंध स्लॅबला लावायचा. "म्हणजे शितावरून भाताची परीक्षा," असं बाबा म्हणायचे. ते शाळेत मास्तर होते. विहाराचा स्लॅब मी असाच तपासला होता. उत्तर निर्धोक आलं होतं. फोटो आल्यापासून मी ते गणित पुन्हा पुन्हा चालवत होते आणि उत्तर तेच येत होतं. त्याचीच भीती वाटत होती.

ताडकळसची बस कापसाच्या रानांमधून निघाली. पूल आला की मी खिडकीतून वाकून खाली बघायची. शेजारी मिरच्यांची पाटी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती.

"काय हरवलंय गं माय? मघापासून वाकून वाकून बघायलीस."

"काही नाही. पूल बघत होते."

"त्यो हाय तिथंच हाय. तू नीट बस, न्हाईतर तूच पडशील."

ताडकळसला मामा मोटारसायकल घेऊन आले होते. ते आईचे चुलतभाऊ आणि विहाराचे मिस्त्री. "जयभीम. आधी जेव, मंग बघू," म्हणाले. मी ऐकलं नाही. वेशीपाशी पेट्रोल संपलं, तेव्हा गाडी दोघांनी ढकलत विहारापर्यंत नेली.

टेकूंमधून वाकून आत शिरले. ओली रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधोमध गेली होती. तडा खडीला वळसे घालत जातो. इतका सरळ कधी जात नाही.

"मामा, इथे काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? त्या दिशी हितवर माल टाकत आलतो. तेवढ्यात तुज्या आईची हाक आली."

"मग?"

"मंग काय? गुरुजी गेले म्हनल्यावर घमेलं कोन उचलनार? मिक्सर बंद केला. दुसऱ्या दिशी गुरुजींच्या मातीवरून आलो, अन् राहिलेला अर्धा टाकला."

"मला सांगितलं नाहीत."

"तू बापापशी बसलीवतीस. तुला स्लॅबचं काय सांगायचं?"

सुकलेल्या काँक्रीटला नवं काँक्रीट धरतं. पण किती, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. माझ्या गणितात तो एकच भात होता. इथे दोन होते, दोन दिवशी शिजलेले.

घरी आईने मला आणि मामांना येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) आणि भाकरी वाढली. मी सांगितलं, "रेघेखाली तुळई घालावी लागेल. तिला मधे दोन खांब."

आईचा हात थांबला. "मधी खांब नको म्हणूनच तर तुजे बाबा सगळ्यांशी भांडले. मागं बसलेल्या बाईला बी समोरचं दिसलं पायजे, म्हनायचे."

"कदाचित खांबाशिवायही टिकेल."

"कदाचित म्हंजी?"

"मला माहीत नाही, आई."

"एवढी शिकलीस," मामा म्हणाले, "अन् माहीत न्हाई म्हंतीस? टेकू काढायचे का न्हाई, तेवढं सांग."

"काढू नका. पौर्णिमेला अंगणात मांडव घाला."

मग आईने माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "घाला खांब. पडल्यावर कुनाला काय दिसनार हाय?"

पौर्णिमेला सगळे मांडवात बसले. वंदना चालू असताना मी विहाराकडेच बघत होते. आत कुणी नव्हतं, तरी.

परतीच्या बसमध्ये संगणक उघडला आणि स्लॅबच्या मधोमध ती रेघ ओढली. तिला किती बळ द्यायचं, तो आकडा माझ्याकडे नव्हता. मी शून्य लिहिलं. लोकांचे हात थांबले त्या जागेबद्दल याहून जास्त मला काही ठाऊक नव्हतं.

विहारात आता मधोमध दोन खांब आहेत. डाव्या खांबामागे बसलं की समोरचं दिसत नाही. आई तिथे बसते.