आईचा चेहरा आणि दोन भिंगांचा कॅमेरा

पोर्तुगालला निघालेल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने मला तो जुना कॅमेरा विकला होता. काय चीज होती म्हणून सांगू! वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो. कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. डावीकडचं उजवीकडे दिसायचं, त्याची सवय व्हायला मला सहा महिने लागले. रोलवर फोटो बाराच, पण निगेटिव्ह अशी ऐसपैस की मोठ्या प्रिंटवर पापणीचे केस मोजून घ्यावेत.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी पार्शाला, आमच्या गावी राहणाऱ्या आईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. डिचोलीच्या बाजारात माझा स्टुडिओ, अर्ध्या तालुक्याची लग्नं मी काढलेली, आणि आईच्या प्रत्येक फोटोत नुसता पदर! कोणी कॅमेरा रोखला की ही तोंड फिरवायची. मला तिचा चेहरा हवा होता. ती परत आली नाही तर, हे मनात होतंच, लपवू कशाला?

तिलाही ते कळलं. "हार घालूक फोटो होयो तुका?"

"तसं समज हवं तर!" मी चिडून म्हणालो.

ती अंगणात काजूच्या बोंडूंच्या बिया काढत बसली ती बसलीच. भिंगावरची डिचोलीच्या खाणींची लाल धूळ पुसून मी सुरुवात केली. अकरा फोटो गेले, अकराही खाली घातलेल्या डोक्याचे. रडकुंडीला आलो. एकच उरला होता. मी काचेत डोकं खुपसून फोकस जुळवत राहिलो.

"जन्मात पयल्यांदा माझ्यासमोर मान खाली घातलंस रे!" आई म्हणाली आणि खो खो हसली. काचेत तिचं पुरं तोंड, थेट माझ्याकडे. मी कळ दाबली. आवाज इतका बारीक की तिला पत्ताच लागला नाही. धन्य तो कॅमेरा!

ऑपरेशन नीट झालं. ती घरी आल्यावर मी तिच्या हातात मोठी प्रिंट ठेवली. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही माझी आवस रे," ती म्हणाली.

तिची आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या बाईचा कोणी कधी फोटो काढलाच नव्हता.

"तिचा तोंड माका आठवत नाय होता," म्हणाली, आणि फोटोच्या गालावरून हात फिरवत लहान पोरीसारखी रडली.