ताडपत्रीवाल्याचं शीड

मुंबईचा धक्का समोर दिसत होता आणि तासाभरात तो जवळ येण्याऐवजी लांब गेला होता. बोटीत आम्ही चौघं होतो. सुकाणूवर हिराजी तांडेल, साठीचा कोळी. शिडाचा दोर धरून कर्णिक, एका कापूस कंपनीतले क्लार्क. बोट त्यांची आणि त्यांच्या मित्रांची. शेजारी त्यांची धाकटी बहीण नलिनीताई, शाळेत भूगोल शिकवायच्या, मांडीवर वही उघडलेली. आणि बोटीच्या तळाशी मी, अकोल्याकडच्या कारंज्याचा ताडपत्री शिवणारा टेलर, उलट्या करून रिकामा झालेला. डोक्यावर जे शीड ताणलेलं होतं ते माझ्या हातचं होतं.

मी मूळचा रिठद गावचा. घरी शेती होती, पण मला लहानपणीच शिवणकामाची गोडी लागली आणि कारंज्यात एका दुकानात मशीनवर बसलो. आमचं दुकान कपडे शिवत नसे. कापसाच्या गाड्यांवरची झाकणं, धान्याच्या थप्पीवरच्या ताडपत्र्या, लग्नाचे मांडव, एवढंच काम. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा पुष्कळ नंतर झाला. कापसाच्या हंगामात बाजार भरला की आमच्या चारही मशिनी दिवसभर बंद होत नसत.

कर्णिक दर हंगामात कंपनीतर्फे खरेदीला यायचे. आमच्या ताडपत्र्यांची शिलाई त्यांना आवडायची. पन्नासच्या सालानंतरची गोष्ट. त्यांनी आणि त्यांच्या ऑफिसातल्या तीन-चार मित्रांनी मिळून मासेमारीची एक जुनी बोट विकत घेतली. शिडाच्या बोटींचे क्लब मुंबईत होते, पण त्यांची मेंबरशिप क्लार्क लोकांच्या आवाक्यातली नव्हती. यांचं म्हणणं असं, की आपणच रविवारी बोट काढावी, मुंबईच्या आसपास कुठं कुठं जाऊन एका दिवसात परत येता येतं ते बघावं, आणि जमलं तर बायकामुलांनाही न्यावं. बोटीचं जुनं शीड कुजलेलं होतं. ते त्यांनी फेकून दिलं आणि नव्याची ऑर्डर आमच्याकडे पाठवली.

मालकांनी मला बोलावलं.

"किसन, कर्नीक सायबाचं काम हाय. बोटीचं शीड शिवाचं हाय."

"म्या तर शीड कधी पायलं नाई, मालक."

"कापडच हाय ना? तिकोनी ताडपत्री समज. तिन्ही बाजूचे मापं आले हायेत."

"बोट कायले घेतली त्यायनं? मासोया धराले?"

"नाई. फिराले." मालक स्वतःच थोडं हसले. "तुले काय करा लागते? शिवून दे."

मी तिकोनी ताडपत्री शिवली. मन लावून शिवली. जाड कॅनव्हासच्या पट्ट्या मशीनवर जोडल्या, शिलाई ओळंब्यासारखी सरळ. कडा दोनदा दुमडून दुहेरी टीप मारली. मग तिन्ही कडांना अंबाडीचा अंगठ्याएवढा दोर लावला. हा दोर मशीनवर लागत नाही. दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, बोटाबोटावर टाका घालत हातानं लावावा लागतो. ताडपत्रीची सगळी ताकद त्या दोरात. त्याचा एक गुण असा, की पावसात भिजला की तो आखडतो. गाडीवर आम्हाला तेच हवं असतं. पाऊस आला की झाकण आपोआप आवळतं आणि कापूस कोरडा राहतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तोच दोर मी शिडाला लावला, कारण शीड भिजलं की काय व्हायला हवं हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

शीड चढवताना काही कमी-जास्त झालं तर शिवणारा माणूस सोबत असावा, असं कर्णिकांनी पत्रात लिहिलं होतं. म्हणून मालकांनी मलाच पाठवलं. छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. समुद्र मी पहिल्यांदाच बघत होतो. विहिरीत पोहता येत होतं. पण समुद्र बघितल्यावर त्याचा फारसा धीर वाटेना.

रविवारी सकाळी धक्क्यावर हिराजी भेटला. बाकीचे मित्र ऐनवेळी आले नव्हते. समुद्र ओळखणारा माणूस हवा म्हणून कर्णिकांनी त्याला त्या दिवसापुरतं यायला सांगितलं होतं. त्यानं शिडाची कड हातात घेतली, दोर दाबून बघितला.

"मागच्या कडंला एवढा जाड दोर कशाला?"

"मजबुतीसाठी," मी म्हणालो. "याच दोरावर आमच्या ताडपत्र्या सात-सात पावसाळे टिकतात."

"ताडपत्री एका जागेवर असते," तो म्हणाला.

कर्णिक मध्येच बोलले, "तांडेल, यांचं काम मी बघितलेलं आहे. काळजी नको." हिराजीनं खांदे उडवले. मला बरं वाटलं. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

त्या दिवशी घारापुरीच्या बेटापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. सकाळी वारा पडलेला होता, म्हणून वल्ही मारत निघालो. अकराच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटला, हिराजीनं शीड चढवलं आणि बोट एकदम हलकी झाली. वारा पाठीमागून होता. कापड भरून आलं. एकही सुरकुती नव्हती. कर्णिक माझ्याकडे बघून मान डोलवत होते. नलिनीताई वहीत लिहीत होत्या. कुठं पाणी उथळ, मोठ्या आगबोटींचा रस्ता कुठून, बायकांना उतरायला सोयीची जागा कुठली. हिराजीला त्या सारखं विचारायच्या आणि तोही नीट सांगायचा. मला तोवर मळमळायला लागलं होतं, पण अभिमान त्याहून जास्त होता.

बेटाशी शीड उतरवताना कर्णिकांच्या हातून दोर सुटला आणि शिडाचा निम्मा भाग पाण्यात पडला. आम्ही ते ओढून काढलं, पिळलं आणि बोटीत टाकून जेवायला गेलो. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कापडच ते, वाळेल.

परत निघालो तेव्हा वारा समोरून होता. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी नागमोडी न्यावी लागते, आणि प्रत्येक वळणाला थोडं थोडं पुढं सरकायचं. हे हिराजीनं आम्हाला समजावून सांगितलं. पण आमची बोट वळणं घ्यायची आणि पुढं मात्र सरकायची नाही. वारा तिला आडवी ढकलायचा. त्यात ओहोटी लागली. पाणी आम्हाला दक्षिणेकडे, उरणच्या बाजूच्या चिखलाकडे नेऊ लागलं.

"काय होतंय?" कर्णिकांनी विचारलं.

"शीड वारा सोडत नाय," हिराजी म्हणाला. "धरून ठेवतंय."

"मग वल्ही मारू."

"चौघांच्या बोटीला दोन वल्ही. या वाऱ्यासमोर? मारा." कर्णिकांनी आणि त्यानं पंधरा मिनिटं मारली. चिखलाचा पट्टा जवळच येत राहिला.

मी तळाशी पडून वर बघत होतो. नलिनीताई पुढं वाकून म्हणाल्या, "मास्टर, ती मागची कड बघा. सकाळी अशी नव्हती."

मी बघितलं. मागची कड आत वळली होती, सुपाच्या काठासारखी. दोर आवळून कापडाला चुण्या पडल्या होत्या. वारा त्या सुपात शिरायचा आणि बाहेर पडायला वाट नसायची. पाऊस लागलेल्या गाडीवर हीच कड मी शंभरदा बघितली होती, आणि प्रत्येक वेळी खूश झालो होतो.

"दोर आखडला," मी म्हणालो. "चूक माझी हाय."

हिराजीनं नांगर टाकला. बोट थांबली, पण डुलायची काही थांबेना. तो म्हणाला, "पाणी उतरतंय. तासाभरात बोट चिखलात बसंल. मग भरती येईपर्यंत, मध्यरात्रीपर्यंत इथंच. वारा वाढला तर आडवी पण होईल."

नलिनीताईंनी वही मिटली.

"मागच्या कडेचा दोर काढून टाकतो," मी म्हणालो.

"आणि कापड फाटलं तर? दोराशिवाय कड उभी फाटत जाते. मग शीडच नाय."

हिराजीचं म्हणणं खरं होतं. धंद्यात आम्ही नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच शिकवतो. मी शीड खाली घ्यायला लावलं, कड हातात धरली आणि दुमड बोटांनी चाचपली. दोनदा दुमडलेली, दुहेरी टीप, मीच मारलेली. धागा कुठला होता, मशीनचा टाका किती बारीक ठेवला होता, सगळं आठवत होतं. दिवसभरात पहिल्यांदाच मला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या हातात होती.

"एक दिवस टिकंल," मी म्हणालो. "जास्त नाई सांगत. एक दिवस."

हिराजीनं कर्णिकांकडे बघितलं. कर्णिक बहिणीकडे. त्या म्हणाल्या, "शिवलंय त्यांनी. त्यांनाच कळणार."

कड वीस फुटांची होती. तीनशेच्या वर टाके. एकेक टाका कापायचा आणि कापडाला पातं लागू द्यायचं नाही, कारण एक चीर पडली की तिथूनच फाटणार. माझ्याकडे कातर होती. नलिनीताईंनी पिशवीतून पेन्सिल तासायचा चाकू काढला आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. त्यांना एकदाच दाखवलं, पातं दोराकडे ठेवा, कापडाकडे नको. कर्णिक कापड ताणून धरत होते. मध्ये दोनदा मला बोटीच्या बाहेर तोंड काढावं लागलं. पुसून परत बसलो.

माझे टाके चिवट होते. मेण लावलेला दोरा ओला झाला की आणखी आवळतो. माझ्या कामाची मजबुती मलाच नको झाली होती. हिराजी मधून मधून वल्हं पाण्यात उभं बुडवून खोली बघायचा आणि सांगायचा, "कमरेएवढं आहे." मग, "मांडीएवढं."

शेवटचा टाका तुटला तेव्हा दोर मोकळा होऊन तळाशी पडला. नलिनीताईंनी तो कडेशेजारी लांब करून धरला. कडेपेक्षा चांगला वीतभर आखूड भरला. आम्ही चौघांनी तो बघितला.

शीड वर गेलं. मागची कड मोठ्यानं फडफडायला लागली, पण सपाट होती. हिराजीनं नांगर ओढला. बोटीचा तळ एकदा चिखलाला घासला, बोट अडली, आणि सुटली. त्यानं सुकाणू दाबलं. या वेळी बोटीनं वाऱ्याकडे तोंड वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. पहिल्या वळणानंतर चिखलाचा पट्टा मागं गेला. दुसऱ्या वळणानंतर कर्णिक पहिल्यांदा खाली बसले.

मी मात्र डोळे कडेवरून काढले नाहीत. वरच्या टोकाला फूटभर टीप उसवली. मी ती बघत राहिलो आणि कुणाला सांगितलं नाही. तिथून पुढं गेली नाही. ऊन कलत असताना धक्क्याला लागलो.

उतरल्यावर हिराजीनं मला एका बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ऐकवणार. तो म्हणाला, "शिलाई चांगली आहे तुझी. शीड म्हणजे काय ते ठाऊक नाय तुला." मग वाळूवर बोटानं काढून दाखवलं. शीड सपाट नसतं, पट्ट्या जोडताना त्याला मधे थोडं फुगीर पोट द्यावं लागतं. पुढच्या कडेला दोर जाड, आधी भिजवून, ताणून, वाळवून घेतलेला. मागच्या कडेला नुसती दुमड, नाहीतर अगदी बारीक दोरी, तीही ढिली.

कारंज्याला परतल्यावर मालकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे माल वापस आला?" त्यांनी विचारलं.

"वापस नाई आला. मीच उसवला."

मालक म्हणाले, "दुसरं शीड शिवून द्या लागते. कापड आपल्याकडचं. इथं शिवतं का तिथं?"

"तिथं. त्या म्हाताऱ्याच्या समोर."

आठ दिवस मी हिराजीच्या दारात, वाळूवर कापड पसरून शिवलं. त्यानं तीन वेळा उसवायला लावलं. चौथ्यांदा नुसता "हं" म्हणाला. ते शीड कर्णिकांनी पुष्कळ वर्षं वापरलं. रविवारी कुठं कुठं जाता येतं याची यादी नलिनीताईंनी पक्की केली. तिची एक प्रत पुढच्या हंगामात कर्णिकांनी मला आणून दिली. तिच्यात घारापुरीसमोर लिहिलं होतं : परतीला दुपारी दोनच्या आत निघणे, शीड भिजू न देणे. माझं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर चाळीस वर्षं मी या धंद्यात होतो. मापांचा कागद आला की कापडाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचो, हे भिजल्यावर काय व्हायला पाहिजे? बऱ्याच लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटायचा. पण उत्तर प्रत्येकाकडे असायचं, आणि ते कागदावर कधीच लिहिलेलं नसायचं.