बोचक्यातला आवाज

ह्यांचा आवाज आमच्या लॅपटॉपच्या कचऱ्याच्या डब्यात होता, आणि आमचा मुलगा तोच लॅपटॉप साफ करायला बसला होता.

आधीचं सांगते. ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. ऑपरेशनला जायच्या आधी मी ह्यांना लॅपटॉपसमोर बसवून बोलायला लावलं होतं, चांगलं तासभर. सुरुवातच अशी: "झालं का सुरू? जन्मभर मला बोलू दिलं नाहीस, आणि आता बोल म्हणतेस होय!" घरी आल्यावर एकदा हे स्वतःच ते रेकॉर्डिंग लावून बसले. मी चहा घेऊन आले तर डोळे पुसत होते. मला बघून नातीच्या पाटीवर लिहिलं, "पुसून टाक."

बरं म्हटलं. ह्यांच्या देखत ती फाइल कचऱ्याच्या डब्यात टाकली. डबा मात्र रिकामा केला नाही. माझी आई तिच्या पाटल्या चिंध्यांच्या बोचक्यात ठेवायची. चोर कपाट फोडेल, पण चिंध्यांत कशाला हात घालतोय, म्हणायची. मी तिचीच लेक. दुपारी हे आतल्या खोलीत आडवे झाले की मी ती फाइल बाहेर काढायची, आवाज अगदी बारीक करून ऐकायची आणि पुन्हा डब्यात टाकायची. त्यावर माझी दुपार निघायची.

मुलगा हडपसरहून मुद्दाम आला होता. "आई, ही सिस्टिम फार जुनी झालीय. नवी टाकली नाही तर बाबांच्या पेन्शनची साइटसुद्धा उघडायची नाही." पण नवी सिस्टिम मावायला जागाच नव्हती. जागा दाखवणारी पट्टी लालभडक झाली होती. मग तो एकेक काढायला लागला. "हे उडवू?" असं विचारायचा आणि हे बोटातल्या अंगठीने टेबलावर वाजवायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही आमच्या घरची भाषाच झालीय आता.

भावगीतं. टक. माझे लोणच्यांचे व्हिडिओ. टक. मला कोण विचारतंय! खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हाचे फोटो. टक. हाराखाली दडलेला तो चेहरा क्षणभर दिसला आणि गेला. अहो, ह्या माणसाला काहीच ठेवायचं नाही का? मला भीतीच वाटायला लागली ह्यांची.

"अजून थोडी कमी पडतेय," मुलगा म्हणाला. "थांबा, कचऱ्याच्या डब्यात बघू. अरे बाप रे, केवढं मोठं काहीतरी पडलंय इथे! ह्यानंच जागा खाल्लीय."

बोलावं, तर ह्यांना कळणार की मी ह्यांच्या देखत ह्यांनाच फसवलं. न बोलावं, तर तो आवाज कायमचा गेला. एरवी माझी जीभ कशी चालते ते आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. त्या वेळी मेली टाळ्याला चिकटून बसली.

"बाबा, उडवू ना?"

टक.

मी डोळे मिटून घेतले.

टक.

मुलगा थांबला. "नको?" हे पाटीवर लिहीत होते. लिहून झाल्यावर पाटी माझ्याकडे नाही, त्याच्याकडे वळवली. मी वाकून वाचलं. "आवाज गेलाय, कान शाबूत आहेत. ती रोज दुपारी ऐकते. राहू दे."

"मग नवी सिस्टिम नाही बसायची, बाबा."

टक.

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं?" मी अशी भडकले म्हणता! "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. हे खाली मान घालून गदगदा हलायला लागले. हसत होते की रडत होते, मला कळेना. आता दोन्हीला आवाज नाही.