गाठोड्याचं झाकण

"जाऊ दे गं. वाकळंत घालते," असं म्हणून शेजारच्या काकू दोरा दातानं तोडायच्या. कात्री शेजारीच पडलेली असे, पण राग आला की त्यांना ती दिसत नसे. दोरा तुटल्याचा आवाज आला की आम्ही समजायचो, आज काकांनी काहीतरी केलेलं आहे.

मला त्या 'जाऊ दे'चा मनापासून संताप यायचा. अजून येतो. तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल आणि सगळे तिला कौतुकानं 'सोशिक' म्हणत असतील. हा शब्द ज्यानं काढला त्याला चार दिवस आमच्या चाळीत आणून बसवायला हवं होतं.

चाळ बोरिवलीची, डोंगराच्या बाजूला. आठ खोल्या, मागे विहीर, समोर भाताची शेतं. पन्नास सालानंतर लगेचच मी लग्न होऊन तिथे आले. जिभेनं तिखट म्हणून माहेरी प्रसिद्ध होते, आणि ती प्रसिद्धी सासरी पोचायला आठवडा लागला. हिवाळ्यात डोंगराकडून अशी थंडी यायची की दादरचे पाहुणे मुक्कामाचं नाव काढत नसत. घरोघरी गोधड्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या काकूंच्या हातच्या.

गोधडी हा आमचा शब्द. काकू साताऱ्याकडच्या, त्या वाकळ म्हणत. काका रत्नागिरीकडचे, एका ऑफिसात हेडक्लार्क. बंद गळ्याचा कोट, पांढरंशुभ्र धोतर, मोत्यासारखं अक्षर. वाकळ हा शब्द त्यांना गावंढळ वाटे. काकूंच्या तोंडून तो निघाला की पेपरातून मान वर न करता ते म्हणत, "गोधडी." तीस वर्षं हे चाललं होतं. काकू म्हणायच्या थांबल्या नाहीत, काका सुधारायचे थांबले नाहीत. चाळीला यात गंमत वाटे, आणि आधी आधी मलाही वाटली.

काका वाईट नव्हते, असं तुम्हाला चाळीतलं कुणीही सांगेल. कधी हात उगारला नाही, व्यसन नाही, आवाज चढवला नाही. 'वाईट नव्हते' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, ते विचारत नसत! पाहुणे कधी बोलवायचे, भिंतीला कुठला रंग, बायकोनं माहेरी जायचं की नाही, सगळं मनाशी ठरवून मग गोड आवाजात सांगत. काकूंच्या धाकट्या भावाच्या लग्नाला जाणं त्यांना 'सोयीचं नव्हतं', म्हणून काकूही गेल्या नाहीत. त्या लग्नात नेसायला काढून ठेवलेलं जांभळं लुगडं घडीतच विरलं. काकूंनी त्याचा एक लांब पट्टा कापला आणि बाजूला ठेवला.

वाकळीत घालणं म्हणजे हे. नक्षी शोधायला काकूंना कुठे जावं लागत नव्हतं, संसारच रोज एक आणून देत होता. आमटीत मीठ कमी म्हणून भरलं ताट सरकवलं गेलं, तर त्या दिवशी एक गोल कापला गेला, मधे पिवळा. एकदा मासे विकायला येणाऱ्या गोराईच्या कोळणीबरोबर त्या खाडीपर्यंत गेल्या आणि मिठागरं बघत उभ्या राहिल्या. घरी यायला दिवेलागण झाली. काका ओरडले नाहीत, चार दिवस बोलले नाहीत. त्या चार दिवसांत काकूंनी त्यांच्याच जुन्या धोतराचे पांढरे चौकोन कापले, मधे मातकट कापडाचे बांध घातले आणि सबंध मिठागर उभं केलं. एका बांधावर लाल कापडाचा इवलासा तुकडा होता. हे काय म्हणून मी विचारलं.

"ती मी," काकू म्हणाल्या. "उभी होते ना तिथं."

हे तुकडे त्या दुसऱ्या कुणाच्या वाकळीत लावत नसत. नणंदांच्या मुलांना, चाळीतल्या बाळंतिणींना साध्या साड्यांच्या, धावदोऱ्याच्या गोधड्या शिवून देत. आपले तुकडे वेगळे ठेवत. पण त्यांची वाकळ काही होत नव्हती, कारण त्यांच्या गावची एक रीत होती. बाईनं स्वतःसाठी स्वतः वाकळ शिवायची नाही. सासूची सुनेनं शिवायची, आईची लेकीनं. काकूंना मूल नव्हतं. तेव्हा सगळ्या चाळीला ऊब देणारी ही बाई हिवाळ्यात एक सोलापुरी चादर दुहेरी करून झोपत असे. असली रीत काढणाऱ्यांचाही मला राग आहे, पण ते कधीच मरून गेले असल्यामुळे त्यांना काही बोलता येत नाही.

एका दुपारी काकूंनी मला बोलावलं, चटई अंथरली आणि सगळे तुकडे तिच्यावर मांडले. जांभळा पट्टा मधोमध, मिठागर खाली, ताट वर. मांडून झाल्यावर सुई माझ्यापुढे धरली.

"पहिला टाका तू घाल. म्हणजे शिवणारी तू झालीस. पुढचं मी बघते."

मला टाके घालता येत नाहीत, असं मी सांगितलं. "मग तर ओळखू येईल," त्या म्हणाल्या. मी घातलेला टाका वाकडा पडला. तो उसवू का म्हणून विचारलं तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. त्या क्षणी मी कुणाची तरी लेक झाले हे मला कळायला हवं होतं. मी आपली रीतीला कसं फसवलं म्हणून हसत बसले.

दोन वर्षं वाकळ होत होती. काका ऑफिसला गेले की काकू पायाच्या अंगठ्यानं कापड ताणून धरत आणि कडेकडेनं आत शिवत येत. नवे पैसे सुरू झाले त्या वर्षी ती जवळजवळ पुरी झाली, हातभर शिवायची राहिली. इतक्यात नणंदा दिवाळीला यायच्या ठरल्या. कुणी उचकायला नको म्हणून काकूंनी वाकळ आणि उरलेले तुकडे काकांच्या एका फाटक्या धोतरात बांधले आणि गाठोडं खाटेखाली सारलं.

आता पुढचं सांगायला नको वाटतं, पण सांगते.

शनिवारची दुपार होती. काकू गिरणीवर दळण आणायला गेल्या होत्या. बोहारीण आली, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. पाहुणे येणार म्हणून मोठं पातेलं हवं, असं काकांच्या मनात आलं. त्यांनी जुना कोट काढला, दोन धोतरं काढली आणि खाटेखालचं गाठोडंही ओढून बाहेर आणलं. मग माझ्या दाराशी आले. "सूनबाई, तुम्ही जरा बोला हिच्याशी. आम्हाला हे जमत नाही."

घासाघीस करण्यात माझा हात धरणारं चाळीत कुणी नव्हतं. मी पदर खोचून आले. बोहारणीनं कोट उजेडात धरून पाहिला, धोतरं पाहिली आणि जर्मनचं एक चांगलं मोठं पातेलं पुढे केलं. मी म्हटलं, आणि हे गाठोडं काय फुकट न्यायचं? तिनं वरून दाबून बघितलं. "चिंध्या हायत, ताई."

"चिंध्या तर चिंध्या. पोतेऱ्याला होतील. त्याचं झाकण दे," मी म्हटलं.

तिनं थोडी कुरकुर केली आणि दिलं. मी गाठ सोडून पाहिली नाही. वरचं धोतर काकांचं, म्हणजे आत काकांच्याच फाटक्या बंड्या असणार असं धरून चालले. वाकळ मी नेहमी चटईवर पसरलेली पाहिलेली, बांधलेली कधी पाहिली नव्हती. काका पातेलं घेऊन गॅलरीभर हिंडले आणि सूनबाईंनी झाकण कसं मिळवलं ते सगळ्यांना सांगितलं. मी फुशारून उभी.

काकू पिठाचा डबा कडेवर घेऊन आल्या. पातेलं बघून चांगलं आहे म्हणाल्या आणि आत गेल्या. लगेच बाहेर आल्या. डबा अजून कडेवरच होता.

"खाटेखालचं गाठोडं कुठंय?"

काका म्हणाले, त्यात जुनेर होतं, बोहारणीला दिलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आणि माझी ती प्रसिद्ध जीभ टाळ्याला चिकटली.

आम्ही दोघी धावलो. बोहारीण स्टेशनजवळ सापडली. चिंध्यांचं ओझं तिनं तिथल्याच एका हातगाडीवाल्याला विकलं होतं, आणि तो मालाडच्या वखारीत माल घालत असे. मालाडला गेलो. वखारीत चिंध्यांचा ढीग माझ्या डोक्याएवढा होता. मालक म्हणाला, आजचा माल लॉरीनं गेला, कारखान्यात यंत्रं पुसायला. काकूंनी ऐकल्यासारखंच केलं नाही. त्या ढीग उपसत राहिल्या, मीही उपसत राहिले. प्रत्येक चिंधी उचलताना वाटत होतं, आता सांगावं, काकू, झाकण मी मागितलं. सांगितलं नाही. वखार बंद करायची म्हणून मालकानं आम्हाला बाहेर काढलं.

घरी काका पेपर वाचत होते. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मी दारात.

"विचारलं का नाही मला?"

"अगं, त्यात विचारायचं काय? फाटकंतुटकं होतं."

"तीस वर्षं तुम्हाला जे बोलले नाही, ते होतं त्यात. माझी वाकळ होती ती."

"गोधडी," काका म्हणाले.

मुद्दाम नाही म्हणाले, नुसती सवय. आपण बोललो हेही त्यांना कळलं नसावं. पण खरं सांगते, ते पातेलं हाताशी असतं तर मी त्यांच्या डोक्यात घातलं असतं. काकू मात्र त्यांच्याकडे बघत राहिल्या, पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या.

त्यानंतर काकूंनी सुई हातात धरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप काकांपुढे ठेवून त्यांनी तोंड उघडलं. भावाच्या लग्नाला मला का नेलं नाही, ते आता सांगा. काका म्हणाले, इतकी जुनी गोष्ट, आठवत नाही. मला आठवते, काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सगळी सांगितली, लुगड्याच्या रंगासकट. त्याच्या पुढच्या दिवशी मीठ आणि सरकवलेलं ताट. तिसऱ्या दिवशी मिठागर. गॅलरीत बायका कान देऊन उभ्या राहत आणि म्हणत, काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तर तो क्रम तोंडपाठ होता. गेलेली वाकळ काकू तुकड्यातुकड्यानं काकांच्या अंगावर टाकत होत्या. ऐन दिवाळीत, नणंदांच्या देखतसुद्धा थांबल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पण त्या आनंदात धाकधूक होती. झाकणाची गोष्ट चाळभर झालेली होती, काकूंच्या कानावर गेली नसेल असं होणं शक्य नव्हतं. माझी पाळी कधी येते याची मी वाट बघत होते. ती येत नव्हती. काकू पहिल्यासारखीच वाटीभर भाजी आणून देत, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करत.

मी गोधडी शिवायला घेतली. माझ्या चांगल्या साड्या फाडल्या. हिवाळाभर शिवत होते, आणि टाक्यागणिक काकांना शिव्या देत होते. काकूंना ती द्यायची, आणि त्यांनी ती घेतली की मी सुटले, असा माझा साधा हिशेब. थंडी संपता संपता काका रिटायर झाले आणि दोघांनी पुण्याला पुतण्याकडे जायचं ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं. पण या वेळी काकूंना विचारून ठरवलं, हे सगळ्या चाळीनं ऐकलं.

निघायच्या सकाळी टांगा दाराशी आला तेव्हा मी गोधडी त्यांच्या हातात दिली. जाणत्या बाईसारखी त्यांनी ती आधी उलटी करून पाहिली.

"टाके फार ओढलेस. कापड सगळं गोळा झालंय."

"तुमच्यासाठी आहे, काकू. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच शिवलीय, तुमच्या रीतीप्रमाणं."

त्यांनी गोधडीची नीट चौपदरी घडी घातली आणि ती परत माझ्या हातांवर ठेवली.

"ह्यांना सगळं बोलून झालं. तुझं तेवढं राहिलं होतं." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "झाकण तू मागितलंस. पहिला टाका तुझा होता त्यात, आणि गाठ सोडून बघितली नाहीस."

मी मान खाली घातली. काका टांग्यात चढता चढता थबकले. त्यांना माझी कीव आली असावी. "जाऊ दे ना," ते म्हणाले, "त्या परक्या बाईला काय बोलतेस?"

"परकी असती तर बोलले नसते," काकू म्हणाल्या.

मग त्या टांग्यात बसल्या. मी गोधडी दोन्ही हातांवर घेऊन उभी होते. टांगा शेतांच्या कडेनं वळला आणि दिसेनासा झाला. आवाज मात्र बराच वेळ येत होता. ट्रंक घट्ट धरा, असं काकू काकांना सांगत होत्या.