माझ्या तोंडात तर पट्टा होता

पहिलेच सांगून ठेवतो, भूतबित मी मानत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी भूत मीच व्हायचो. हेडसरांपासून तर भाजीवाल्या मावशीपर्यंत कोणाचाही आवाज काढून देतो... आणि ज्याची नक्कल करता येते त्याले माणूस भेत नाही, असं माझं मत होतं. होतं.

मी अंजनगाव सुर्जीचा. कॉलेजसाठी अमरावतीले राजापेठेत मोठ्या आईकडे राहतो. मोठी आई म्हणजे माझ्या बाबाच्या मोठ्या भावाची बायको. मोठेबाबा एसटीत कंडक्टर होते, दोनेक वर्षांपूर्वी वारले. त्यांचा एकुलता एक वैभव, माझ्याच वयाचा.

तर नर्मदेवर कॅनूची ट्रिप होती. कॅनू म्हणजे दोघांची लांबुळकी होडी. सोबत गाइड, चार-पाच दिवस वल्हवत जायचं, मुक्कामाले काठावर तंबू. आयडिया माझी, व्हिडिओ मीच वैभवले दाखवला, दोघंही जाणार होतो. पण गाइडनं अट टाकली — पोहून दाखवा. मी पोहणं शिकलो गावच्या विहिरीत, पाठीले रिकामा डबा बांधून. अमरावतीच्या पोहायच्या टँकवर डबा नव्हता... वैभव पास झाला अन् मले बांबूनं बाहेर ओढलं.

"तुमी लाइफ जॅकेट देऊनच राहिले ना? मंग माझ्या डब्यात काय वाईट होतं?" मी म्हटलं. गाइड हसला. वैभवही हसला. ते हसणं मले जेवताना दिसे.

मग रोज माझ्या नाकासमोर पॅकिंग. गाइडचा व्हिडिओ कॉल — "कॉटन बिलकुल नहीं. गीला हुआ तो सूखता नहीं." मोठी आई दारात उभी राहून ऐकत होती.

"कापूस नाही चालत म्हने? पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवून राहिलो आपन, अन् याले कापूस नाही चालत."

"तो लवकर वाळत नाही ना, आई," वैभव म्हणाला.

"मंग वाळेपर्यंत बसावं काठावर. घाई काय हाय?"

तिनं दोन सुती बनियान अन् जवसाच्या चटणीचा डबा बॅगमध्ये खाली दाबलाच. मी गाइडच्या आवाजात म्हणायचो, "वैभव भाई, बॅग हल्की रखो, आई भारी है." सारे हसत. मीही हसो, पण आतून कोळसा. नवीन बूट त्याचे, टोपी त्याची, डोक्याले बांधायची बॅटरी त्याची. मी कशाले? तर त्याची बॅग भरायले.

आता एक सांगावं लागते. आमच्याकडे निघणाऱ्याले 'कुठी चाल्ला' म्हणून विचारत नाहीत, काम बिघडते म्हणतात. चुकून कोणी विचारलंच तर जोडे काढायचे, घरात येऊन टेकायचं, पाणी प्यायचं, मग नव्यानं निघायचं. पण मोठेबाबांचा धंदाच विचारायचा. दिवसभर बसमध्ये "कुठी? कुठी?" करून घरी आले तरी तोंडाची सवय जाईना. कोणी उंबरठ्यावर पाय ठेवला की तिकिटाचा जुना पंच खिडकीच्या ग्रिलवर टक टक वाजवत अन् म्हणत, "कुठी?" म्हणून मोठी आई दाराशी पाण्याचा तांब्या भरूनच ठेवायची.

साऱ्या गावाचे आवाज मी काढतो. तो एक 'कुठी' मले कधी जमला नाही. गालात सुपारी धरूनही पाहिला.

निघायचा दिवस. सकाळचं लख्ख ऊन. वैभवले राजापेठ स्टँडवरून अकोल्याची बस धरायची होती, ट्रिपवाल्यांची गाडी तिथून. बॅगचं तोंड काही बंद होईना. पाणी न शिरणारी बॅग, हवा काढून तोंड गुंडाळावं लागते. मी गुडघ्यानं बॅग दाबली, दोन्ही हातांनी तोंड गुंडाळलं, अन् पट्टा दातात धरून ओढून राहिलो. खरं सांगतो, मनात हेच होतं — याले आता कोणीतरी विचारावं. मी नाही... पण कोणीतरी. वैभव बूट घालून उंबरठ्यावर.

टक टक.

"कुठी?"

खिडकीच्या ग्रिलपासून. साफ.

स्वयंपाकघरातून, कणीक मळता मळता, मोठी आई सवयीनं बोलून गेली, "नर्मदेवर चाल्ला जी, डोंगा वल्हवायले." अन् मग परात पडल्याचा आवाज आला.

वैभव माझ्याकडे वळला. चेहरा उतरलेला. "बाबाचा आवाज नको काढू म्हटलं होतं ना बे तुले? जळायचं तर जळ, पन बाबाले मधात कावून आणतं?"

मी बोलू कसा? मी नुसते डोळे मोठे केले. मोठी आई कणकीच्या हातानं बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं.

"त्याच्या तोंडात पट्टा हाय, वैभ्या," ती म्हणाली. "अन् त्याले हे जमत नाही."

नकला करणाऱ्याची एवढी बेइज्जती कोणी केली नसंल. पण जीव वाचला.

वैभवनं बूट काढले. आत येऊन टेकला. आजकाल दाराशी तांब्या नसते, मोठ्या आईनं भरून आणला. तो पाणी पिला अन् रिकामा तांब्या मांडीवर धरून बसून राहिला. बस गेली. तो पुढच्या बसनं गेला.

तुम्ही म्हणाल, पहिल्या बसले काही झालं असंल. काही नाही झालं, आरामात अकोल्याले पोचली. नदीवरही काही नाही. वैभव काळा होऊन, हाताले फोड अन् चटणीचा रिकामा डबा घेऊन परत आला. पंच तर मोठ्या आईच्या कपाटात, कुलुपात होता. मी खिडकीखाली पाहिलं, शेजारच्यांले विचारलं, बाबाचं जुनं रेकॉर्डिंग वाजलं असंल म्हणून वैभवचा मोबाइलही तपासला... काही सापडलं नाही. आजही मले सांगता येत नाही.

ट्रिपचं जळणं विझलं. आता दुसरंच लागलं. सुटीत अंजनगावले जातो तं माझे बाबा जितेजागते ओसरीत बसले असतात, मान मोबाइलमध्ये. परत निघताना मी उंबरठ्यावर बुटाची लेस सोडतो, बांधतो, पुन्हा सोडतो.

बाबा रिवाज पाळतात. विचारत नाहीत.